पाळलेलं अजगराचं पिल्लू सारखं चावायला येतंय? ते शांत कसं होतं आणि हातात कसं घ्यायचं, समजून घ्या

गळ्यात हारासारखा अजगर घालून हसणारी मुलगी. सोफ्यावर बसून टीव्ही बघणारा माणूस आणि त्याच्या मांडीवर वेटोळं घालून पडलेला साप. अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील.

या रील्समध्ये सुरुवातीचे काही आठवडे कधीच दिसत नाहीत. घरी आणलेलं हातभर लांबीचं पिल्लू झाकण उघडताच मानेचा बाक करतं, फुसकारतं आणि बोटावर झेप घेतं. हौसेनं साप आणणारा माणूस तिथेच घाबरतो. मग पिल्लाला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही, किंवा 'हा रागीट निघाला' म्हणून ते दुसऱ्याच्या गळ्यात मारलं जातं.

खरं तर चावरं पिल्लू रागीट नसतं, घाबरलेलं असतं. ही भीती कमी करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. ती काय आहे, कुठे चुकते आणि चावा बसलाच तर काय करायचं, ते आज पाहूया.

आपण कोणत्या अजगराबद्दल बोलतोय?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपातल्या अनेक देशांत सर्वाधिक पाळला जाणारा अजगर म्हणजे बॉल पायथन. ब्रिटनमध्ये यालाच रॉयल पायथन म्हणतात. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे देश.

घाबरला की हा साप डोकं मधोमध लपवून स्वतःचा घट्ट चेंडू करतो, म्हणून नाव 'बॉल'. पूर्ण वाढलेला साप साधारण ३ ते ५ फुटांचा होतो. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू मात्र जेमतेम १० ते १७ इंचांचं असतं. तो बिनविषारी आहे आणि भक्ष्याला विळखा घालून मारतो.

आणखी एक गोष्ट आणण्याआधी लक्षात घ्यायला हवी. हा साप पाळलेल्या अवस्थेत सहज २० ते ३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६२ वर्षांहून जास्त असल्याचा अंदाज होता. म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला साप त्याच्या लग्नात आणि त्यानंतरही घरात असू शकतो.

भारतात राहत असाल, तर आधी हे वाचा

आपल्या जंगलात, शेतात आढळणारा भारतीय अजगर पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो येतो. त्याला पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास, तसंच किमान २५ हजार रुपये दंड आहे. शेतात सापडलेलं पिल्लू 'दोन दिवस ठेवतो, रील करतो, मग सोडतो' हेही कायद्याला चालत नाही.

बॉल पायथन हा परदेशी प्राणी आहे, पण तोही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये लागू केले. ही नोंद परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर करावी लागते. कुणी इन्स्टाग्रामवर 'बिनकागदाचा, स्वस्तात' साप देत असेल, तर तो सौदा नुसता स्वस्त नसतो, बेकायदाही असतो.

त्यामुळे पुढची माहिती आहे ती कायद्याने साप पाळलेल्यांसाठी. परदेशात राहणारे मराठी वाचक आणि त्यांच्या घरातली मुलं यात आलीच.

पिल्लू चावतं तरी का?

स्वतःला पिल्लाच्या जागी ठेवून बघा. तुमचं वजन एखाद्या लिंबाएवढं आहे. जंगलात घार, मुंगूस, मोठे साप, सगळेच तुम्हाला खायला टपलेले. अशात वरून एक भलामोठा, गरम हात खाली येतो. पळायला जागा नाही. मग उरतं काय? तोंड उघडून धमकी देणं.

चाव्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक कळला की निम्मं काम होतं.

पहिला बचावाचा चावा. पिल्लू मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवतं, अंग फुगवतं, फुसकारतं आणि क्षणात चावून लगेच सोडतं. कित्येकदा तर तोंड मिटूनच धडक देतं. अर्थ एवढाच की 'लांब हो'.

दुसरा भुकेचा चावा. इथे फुसकारणं नसतं. पिल्लू जीभ भराभर बाहेर काढत, एकटक लक्ष लावून पुढे सरकतं, चावतं, पकडून ठेवतं आणि बोटाला विळखा घालतं. त्याने तुम्हाला उंदीर समजलेलं असतं.

ही चूक होण्यामागे कारण आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात. अंधारात त्याला गरम उंदीर 'दिसतो' तो यांच्यामुळे. आता हाताला उंदराचा वास असेल आणि हात गरम असेल, तर पिल्लाला काय वाटणार?

साप डूख धरतो का?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. एकदा साप चिडला की डूख धरून बदला घेतो, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. याला काही आधार नाही. काल तुम्ही पिल्लाला चुकून दचकवलंत म्हणून ते आज सूड घ्यायला बसलेलं नसतं.

पण त्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. साप कुत्र्यासारखा माया लावत नाही. तो 'ओळखायला लागला' असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेकदा तो सरावलेला असतो. हा वास, हा स्पर्श आला तरी इजा होत नाही, एवढं तो शिकतो. आपल्याला तेवढंच हवं आहे. त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवली की घाई होते आणि घाईत चावा बसतो.

हात लावण्याआधी त्याचं घर तपासा

अनेकजण साप म्हणून भुई धोपटत बसतात. पिल्लाचा स्वभाव बदलायला जातात आणि खरी अडचण पेटीत असते. पुढच्या गोष्टी आधी बघा.

लपायला दोन जागा हव्यात. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. जागा इतकी अरुंद हवी की पिल्लाच्या अंगाला भिंती टेकतील. मोठ्या, मोकळ्या, चारी बाजूंनी काचेच्या पेटीत लहान पिल्लू सतत घाबरलेलं राहतं. पेटी मोठी असेल तर खोटी पानं, सालीचे तुकडे टाकून ती भरा आणि तीन बाजूंना कागद लावा.

गरम बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश असावी. हीटिंग पॅडला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे, नाहीतर पिल्लू भाजतं. हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. कात टाकायच्या दिवसांत ती ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

पेटी टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा धाडकन लागणाऱ्या दाराजवळ नको. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतली कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात.

बऱ्याचदा एवढं दुरुस्त केलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पिल्लू आपोआप नरमतं.

पहिले दोन आठवडे: हात खिशात

पिल्लू घरी आलं की पहिले १० ते १४ दिवस त्याला उचलायचं नाही. पाणी बदला, घाण काढा आणि बाजूला व्हा. पाहुण्यांना दाखवायला तर अजिबात काढू नका.

या काळात एकच ध्येय आहे. पिल्लाने दोन-तीन वेळा नीट खाल्लं पाहिजे. लहान पिल्लाला साधारण ५ ते ७ दिवसांनी एकदा, त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकंच जाड भक्ष्य देतात. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने द्या. जिवंत उंदीर पिल्लाला चावून जखमी करू शकतो. आणि बोटांत धरून खायला घालण्याची चूक लोक सहसा एकदाच करतात.

'पेटीत खायला दिलं की साप हाताला चावायला शिकतो, म्हणून वेगळ्या डब्यात खाऊ घाला' असा सल्ला ऑनलाइन फिरतो. त्यावर जाऊ नका. खाण्याच्या तयारीत असलेल्या सापाला उचलून डब्यात ठेवायचं आणि खाऊन झाल्यावर परत उचलायचं, यातच चावा बसण्याची शक्यता जास्त. शिवाय भरल्या पोटी हलवलं तर साप खाल्लेलं ओकतो.

तिसरा आठवडा: आधी सांगा, मग हात लावा

आता पेटी उघडा आणि स्वच्छ धुतलेला हात पिल्लापासून थोडा लांब, खाली टेकवून ठेवा. दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. पिल्लू लपून राहिलं तरी चालेल. जीभ काढत जवळ आलं, वास घेऊन निघून गेलं, तर उत्तमच. हे एक दिवसाआड करा.

यानंतर एक छोटी सवय लावा, जी अनुभवी लोक वर्षानुवर्षं पाळतात. उचलण्याआधी सापाचा गुळगुळीत आकडा किंवा कागदाची सुरळी पिल्लाच्या अंगाला हळूच टेकवा. डोक्याला नको, पाठीच्या मधल्या भागाला. खाण्याच्या वेळी हा स्पर्श कधीच करायचा नाही. थोड्या दिवसांत पिल्लाच्या डोक्यात बसतं की हा स्पर्श म्हणजे जेवण नाही. भुकेचा चावा टाळायला याच्याइतका सोपा उपाय नाही.

उचलायचं कसं?

१. साबणाने हात धुवा. उंदीर, कुत्रा, मांजर यांचा वास राहता कामा नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्याने धीर येतो.

२. पिल्लाचं तोंड कुठे आहे ते आधी बघा. हात वरून नेऊ नका. वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याला न शिकवता माहीत असतं. हात बाजूने, खालून न्या.

३. आकड्याने अंगाला स्पर्श करा. दोन-तीन सेकंद थांबा.

४. ठरवलं की चाचरू नका. पुढे-मागे होणारा हात पिल्लाला जास्त घाबरवतो. शरीराचा मधला भाग तळहातावर घ्या आणि दुसरा हात शेपटीकडच्या भागाखाली द्या.

५. डोकं किंवा मान पकडायची नाही. शेपटीला धरून लोंबकळवायचं नाही. तुम्ही धरायचं नसतं, फक्त आधार द्यायचा असतो. पिल्लू पुढे सरकलं की एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ द्या.

६. खाली बसून करा. पलंगावर किंवा जमिनीवर. दचकून हातातून सुटलं तरी पिल्लू उंचावरून पडणार नाही.

७. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं पुरे. मग ५, मग १० मिनिटं. आठवड्यातून दोन-तीनदा, त्याहून जास्त नको. शक्यतो पिल्लू शांत असतानाच परत ठेवा.

जाड चामडी हातमोजे घातले तर धीर येतो, पण त्यांतून पिल्लू किती दाबलं जातंय ते कळत नाही. फारच भीती वाटत असेल तर सुरुवातीला पातळ मोजे घाला आणि मग सोडा.

या दिवशी हात लावू नका

खाल्ल्यानंतर ४८ तास उचलायचं नाही. कात टाकण्याआधी डोळे निळसर-दुधाळ होतात, त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही नाही. आणि तुम्ही स्वतः घाईत, चिडलेले किंवा थकलेले असाल, त्या दिवशीही राहू द्या.

शांत झालाय की घाबरून गप्प आहे?

इथे नवखे लोक फसतात. हातावर घट्ट चेंडू होऊन पडलेलं पिल्लू 'किती शांत आहे' असं वाटतं. ते शांत नसतं, भीतीने गोठलेलं असतं. अशा वेळी कुरवाळत बसू नका. हात स्थिर ठेवा, उलगडलं तर ठीक, नाहीतर परत ठेवा.

खरोखर निवांत पिल्लू संथ सरकतं, सावकाश जीभ काढतं, अंग सैल ठेवतं आणि बोटांना हलकासा आधार घेऊन टिकतं. झटके देत पळणं, अंग ताठ होणं, मान मागे खेचणं, शेपटीकडून वाईट वासाचा स्राव सोडणं ही सगळी 'आता बास' म्हणायची पद्धत आहे. ते ऐकलं तर चाव्यापर्यंत वेळ येत नाही.

आधी माणसाळलेलं पिल्लू अचानक चावायला लागलं, तर स्वभावाला दोष देण्याआधी तब्येत तपासा. तोंडातून फेस किंवा बुडबुडे, श्वासाचा घरघर आवाज, अर्धवट निघालेली कात, खवल्यांमध्ये बारीक काळे किडे दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. दुखणाऱ्या अंगाला हात लावलेला आपल्यालाही खपत नाही.

चावलाच तर?

बचावाचा चावा बसला तर हात झटकू नका. हे सांगायला सोपं आहे, पण ठरवून ठेवलं तर जमतं. पिल्लाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. झटका दिला तर आपली त्वचा फाटते आणि त्याचे दात तुटून आत राहतात. काही क्षण हात स्थिर ठेवा, मग सावकाश पेटीत ठेवा. ओरडून, फेकून दिलं तर पिल्लाला इजा होते.

चावून धरून ठेवलं, तर ओढू नका. त्याच्या डोक्यावर हळू धारेने गार पाणी सोडा. बहुतेकदा ते सोडतं. विळखा सोडवताना शेपटीच्या टोकापासून सुरू करा, डोक्याकडून नाही.

नंतर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा. टिटॅनसची लस घेऊन बरेच दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज, लाली, पू किंवा ताप आला तर नक्की दाखवा. रक्ताचे ठिपके बघून भीती वाटते, पण पिल्लाचा चावा सहसा टाचण्या टोचल्यासारखा असतो.

चाव्यापेक्षा दुर्लक्षित धोका साल्मोनेला या जिवाणूचा आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही तो असतो. साप हाताळल्यावर दरवेळी हात धुवा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्याची भांडी धुऊ नका. चुंबन घेणाऱ्या रील्सची नक्कल करू नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, वयस्क आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना सापापासून लांबच ठेवा.

नाहीच जमलं तर

दोन-तीन महिने नियमाने केलं की बहुतेक बॉल पायथन सरावतात. काही पिल्लं वाढेपर्यंत बिचकतच राहतात. अशा सापाला फक्त बघण्याचा आनंद घेऊन, आकड्याने हलवूनही उत्तम सांभाळता येतं.

तेही नको असेल तर प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला किंवा जाणकार माणसाला द्या. बाहेर मात्र सोडू नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले आणि तिथल्या सस्तन प्राण्यांची संख्या कमालीची घटली. २०१२ मध्ये अमेरिकेला या अजगराची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक रोखावी लागली.

जाता जाता, एक जीवघेणी गल्लत

हा लेख वाचून महाराष्ट्रात शेतात, अंगणात दिसलेलं 'अजगराचं पिल्लू' उचलायला जाऊ नका. आपल्याकडे घोणस या अतिविषारी सापाला अजगराचं पिल्लू समजून हात लावल्यामुळे माणसं दगावली आहेत.

दोघांचंही अंग जाड, रंग तपकिरी, अंगावर ठिपके. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या, काळ्या कडेच्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी जोरात फुसकारते. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळणारे असतात. पण वाळल्या पाचोळ्यात, संध्याकाळच्या उजेडात हा फरक ओळखण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

लांब उभे राहा, नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. चावा बसलाच तर 'अजगरच होता' म्हणून घरी थांबू नका. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठा. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष आपल्याकडे मिळतं, पण ते वेळेत मिळालं तरच उपयोग.

पेटीतल्या पिल्लाला थोडा वेळ द्या आणि रानातल्या सापाला अंतर द्या. ओळखीत कुणाच्या घरी नुकतंच पिल्लू आलं असेल, तर त्यांनी पेटीत हात घालण्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा.